नेट दुपारीच का जातं?

पद्माकररावांचा वजीर इनामदारांच्या राजाच्या मानगुटीवर बसला होता, आणि नेमकं तेव्हाच नेट गेलं.

"सुलभा! मिक्सर लावलास का?"

स्वयंपाकघरातून उत्तर यायला जरा वेळ लागला. "नाही हो. काहीच लावलं नाही."

"मग मायक्रोवेव्ह?"

"तो परवा तुम्हीच काढलात ना, नेट जातं म्हणून? माळ्यावर आहे."

पद्माकररावांनी स्क्रीनकडे पाहिलं. कोपऱ्यातल्या वाय-फायच्या चिन्हावर फुली आली होती. पलीकडे कराडला इनामदार आरामात सुपारी कातरत बसले असतील आणि इकडे पद्माकर सबनीसांचं बुद्धिबळातलं घड्याळ संपत आलं असेल. डाव हातातला गेला. या महिन्यात असे किती डाव गेले याचा हिशेब ठेवणं त्यांनी सोडून दिलं होतं. इनामदार मात्र तो ठेवत होते आणि दर फोनला ऐकवत होते.

साताऱ्याच्या टेलिफोन खात्यात पद्माकररावांची सगळी नोकरी लाइनमधले बिघाड शोधण्यात गेली. बिघाड कुठे आहे हे शोधत बसू नये, तो कुठे नाही ते एकेक करून काढत जावं, मग उरेल त्या जागी तो मुकाट्याने सापडतो, अशी त्यांची पद्धत होती. घरातही तीच चाले. चष्मा हरवला तर तो जिथे असायला हवा ती जागा ते सगळ्यात शेवटी बघत. लॅपटॉप निवृत्तीच्या वेळचा, काळा आणि जड. बनवणाऱ्या कंपनीने तो म्हातारा झाल्याचं जाहीर केलं तेव्हा चिडून त्यांनी त्यावर लिनक्स, म्हणजे फुकट मिळणारी दुसरी कार्यप्रणाली, टाकलं आणि 'आता बघू कोण म्हातारं ते' म्हणाले. त्याला बरीच वर्षं झाली होती. लॅपटॉपने त्यांचा शब्द राखला होता.

आता मात्र त्याचं काहीतरी बिनसलं होतं. पद्माकररावांनी शिस्तीत सुरुवात केली. वाय-फायचं कार्ड वीज वाचवायला मधेच झोपी जातं असं कळलं, म्हणून ती सोय बंद केली. ड्रायव्हर, म्हणजे कार्डाशी बोलणारा दुभाष्या, काढून पुन्हा घातला. राउटरची वाहिनी बदलून बघितली. अँटेनाची वायर सुटली असेल म्हणून पाठ उघडली आणि आतली धूळ दाढीच्या ब्रशने झाडली. तो ब्रश पुन्हा दाढीला वापरला म्हणून बोलणीही खाल्ली. दोष यातल्या कशातच नव्हता. सकाळी नेट ठणठणीत असे. दुपारी जेवणं झाली, पद्माकरराव आतल्या खोलीत पलंगावर लॅपटॉप घेऊन बसले, की घटकाभराने हमखास जाई.

दुपारीच का, या प्रश्नाने त्यांचं डोकं पोखरायला घेतलं.

*

बंगळूरहून ऋजुताचा फोन दर रविवारी येई. हल्ली तो अधूनमधून केव्हाही येऊ लागला होता.

"बाबा, झोप लागते ना नीट?"

"लागते की. का?"

"सहज. आणि रात्री जेवण झाल्यावर... बरं वाटतं ना? अस्वस्थ वगैरे?"

"मला काय धाड भरलीय?"

"काही नाही हो. पुढच्या रविवारी मी येतेय. जरा बोलायचंय. माझ्या इथे शेजारच्याच इमारतीत एक चांगला ब्लॉक रिकामा झालाय, खाली डॉक्टर, चोवीस तास माणूस. नुसता बघायला तरी या."

पद्माकररावांनी फोन ठेवला तो कपाळाला आठ्या घालूनच. चोवीस तास माणूस कोणाला लागतो? आणि रात्रीच्या जेवणानंतरचं हिला काय ठाऊक? परवा मायक्रोवेव्ह माळ्यावर गेला, त्यावरूनही तिने विचारलं होतं. पोरगी बंगळूरला बसून साताऱ्याच्या घरातलं पान हललं तरी जाणत होती. म्हणजे सांगणारं कोणीतरी होतं. घरात माणसं दोनच. आपण सांगितलेलं नाही, हे त्यांनी पहिल्यांदा काढून टाकलं. उरलं कोण, हे उघडच होतं.

शिवाय सुलभाताई हल्ली फोनवर दबक्या आवाजात बोलत. परवा ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर त्या ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या, "मी सकाळी काय सांगितलं होतं?" असं कुणाला तरी विचारत होत्या. यांची चाहूल लागताच त्यांनी फोन ठेवला.

"कोण होतं?"

"वाणी."

"वाण्याशी एवढं हळू बोलायला काय झालं?"

"मग काय ओरडू?" असं म्हणून सुलभाताईंनी कोथिंबीर निवडायला घेतली. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोने आपल्यापासून काही चोरून ठेवल्याचा वास पद्माकररावांना पहिल्यांदाच आला, आणि तो त्यांना मुळीच आवडला नाही. त्या रात्री शतपावलीला ते तिच्या दोन पावलं पुढे चालले.

शतपावली या घरात देवपूजेइतकी नेमाची होती. जेवण झालं की हॉलच्या खिडकीपासून पॅसेजमधून मागच्या दारापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. पाऊस असो, पाहुणे असोत. ऋजुता लहान असताना बापाच्या पायावर पाय ठेवून चालायची आणि मधेच झोपून जायची.

*

उलगडा झाला तो अगदी अवचित. मंगळवारी सकाळी बँकेचा माणूस फोन करणार होता आणि करत नव्हता. पद्माकरराव वैतागून पॅसेजमध्ये फेऱ्या मारू लागले. जाता-येता टेबलावरचा उघडा लॅपटॉप दिसत होता. काही फेऱ्यांनंतर त्यांनी पाहिलं तर नेट गेलेलं. सकाळी! ते खुर्चीत बसले. काही वेळाने नेट आलं. पुन्हा फेऱ्या मारल्या. पुन्हा गेलं. मग सुलभाताई चहा घेऊन आल्या आणि कप ठेवून गेल्या, तेव्हा मात्र काही झालं नाही. एकदा येऊन-जाऊन भागत नव्हतं. त्याच वाटेने परत परत चालावं लागत होतं.

"हे बघ, मी चाललो की नेट जातं," त्यांनी बायकोला दाखवलं.

सुलभाताईंच्या हातातली बशी वाजली. "म्हणजे... माणूस चाललेला त्याला कळतं?"

"त्याला कसं कळेल? ते यंत्र आहे," असं पद्माकरराव म्हणाले खरं, पण म्हणता म्हणताच त्यांची नजर वर गेली. पॅसेजच्या छताला ताटलीएवढी पांढरी तबकडी चिकटवलेली होती. गेल्या दिवाळीत ऋजुताने बसवून घेतलेला नवा राउटर.

लिनक्सची एक गोष्ट पद्माकररावांना मनापासून आवडे. ते काही लपवत नाही. विचारणाऱ्याला धीर मात्र हवा. त्यांनी कार्डाला कान देऊन ऐकायला लावलं, म्हणजे नेहमीचं काम करता करता हवेत कोण कोणाला काय पाठवतंय तेही टिपायचं. मग पॅसेजमध्ये फेऱ्या मारल्या आणि येऊन बघितलं. त्यांचं चालणं सुरू झाल्यावर तबकडी घरातल्या सगळ्या उपकरणांना तोच तो छोटा संदेश पुन्हा पुन्हा पाठवू लागली होती. टीव्ही, फ्रिज, दोघांचे फोन, सगळे निमूटपणे उत्तर देत होते. गप्प होता तो एकटा लॅपटॉप.

पुढचं त्यांना लिनक्सवाल्यांच्या चर्चेत सापडलं. वाय-फाय म्हणजे शेवटी रेडिओलहरी. राउटरमधून निघालेली लहर सरळ एका रेषेत येत नाही. भिंतींवर, कपाटांवर, माणसांवर आपटत ती अनेक वाटांनी येते, आणि मिळते ती या सगळ्या वाटांची बेरीज. माणसाच्या अंगात पाणीच जास्त, त्यामुळे माणूस हलला की बेरीज बदलते. पूर्वी हा बदल म्हणजे नुसती कटकट मानत. मग कोणाच्या तरी ध्यानात आलं की बदल नीट मोजला तर माणूसच कळतो. राउटर ठरावीक चाचणी-लहर सोडतो, प्रत्येक उपकरण 'ती माझ्यापर्यंत अशी पोचली' एवढं उत्तर देतं, आणि त्या उत्तरांवरून कोणी पडलं का, कोणी झोपलं का, श्वास बरोबर चालू आहे का, हे कॅमेऱ्याशिवाय समजतं. या तबकडीचं नाव होतं 'राखण'. एरवी ती पेंगत असे. पण एकाच वाटेवर एकसारखी ये-जा दिसली की जागी होऊन घाईघाईने मोजू लागे. जुन्या ड्रायव्हरला तिचा प्रश्नच समजत नव्हता. तो गप्प राही, आणि तबकडी त्याला बिघडलेला समजून बाहेर काढी.

उपायही तिथेच लिहिला होता. नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, टाकावा. त्यातला ड्रायव्हर उत्तरं देतो, नेट जात नाही आणि घरातला आणखी एक कोपरा राखणला दिसू लागतो.

"माझा लॅपटॉप चहाडखोर होणार नाही," पद्माकरराव मोठ्याने म्हणाले आणि तो उपाय त्यांनी बाजूला सारला.

आणखी एक गोष्ट त्यांना आठवली आणि कानशिलं तापली. राखण बसवताना ऋजुताने फोनवर म्हटलं होतं, 'बाबा, एक ओटीपी येईल, तेवढा सांगा.' ज्येष्ठ नागरिक संघात हातात माइक घेऊन 'ओटीपी सख्ख्या भावालासुद्धा सांगू नका' असं बजावणाऱ्या पद्माकर सबनीसांनी तो मुलीला लगेच वाचून दाखवला होता. परवानगी त्यांनीच दिली होती.

*

"तू आमच्यावर पाळत ठेवलीस?"

फोनवर ऋजुताने दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "पाळत नाही हो बाबा. मला तुमचं काहीही दिसत नाही. फक्त रंग येतात. झोप हिरवी, पडझड हिरवी. एकच लाल आहे. गेले दोन-तीन महिने लाल आहे."

"कोणतं?"

"येरझारा. म्हणजे... कारण नसताना त्याच जागी फिरत राहणं. आजाराची सुरुवात असू शकते असं लिहून येतं खाली. विसरण्याच्या आजाराची."

पद्माकररावांना हसू आलं. अगदी पोटातून आलं. "अगं वेडे, शतपावली आहे ती! तुझं यंत्र बनवणाऱ्यांना शतपावली काय माहीत? जेवण झालं की ते सोफ्यावर लोळत असतील! आणि तू गं, तुला आठवलं नाही? पायावर पाय ठेवून चालायचीस ती?"

पलीकडे ऋजुता हसली नाही. "आठवलं मला. पण बाबा, लाल दुपारीसुद्धा येतं."

"दुपारी तुझी आई आवराआवर करते. भांडी, कपडे. ती काय एका जागी बसते?"

"आईला विचारलं मी. ती म्हणाली, ती दुपारी पडलेली असते." ऋजुता अडखळली. "चिडू नका. यंत्राला कोण चालतंय ते ओळखता येत नाही, पण... तुम्ही हल्ली सारखे संशय घेता. आईने मिक्सर लावला म्हणून ओरडता. मायक्रोवेव्ह माळ्यावर टाकलात. वाण्याच्या फोनवरून भांडलात. डॉक्टर म्हणाले, संशयी होणं हेसुद्धा एक लक्षण असतं."

पद्माकररावांना क्षणभर आपण काय ऐकतोय तेच कळेना. चोवीस तास माणूस त्यांच्यासाठी होता. ब्लॉक त्यांच्यासाठी होता. मुलीने बापाला वेड्यात काढलं होतं, आणि तिला ते पटवायला घरातल्या गोष्टी पुरवणारी बाई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती.

"ठीक आहे," ते म्हणाले. "तू येईपर्यंत शतपावली बंद. दुपारी आईला आडवी व्हायला सांगतो, मी पलंगावरून पाय खाली टाकत नाही. तुझं लाल गेलं तर हे ब्लॉकचं खूळ कायमचं डोक्यातून काढायचं. कबूल?"

"कबूल. आणि नाही गेलं तर?"

"तर मी बॅग भरतो," पद्माकरराव म्हणाले. आपण जिंकणार याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

जेवताना त्यांनी हे सगळं सुलभाताईंना तडातडा सांगितलं, आणि तिला काय काय सांगत होतीस तू, असंही विचारलं. सुलभाताई आमटीत पोळी कुस्करत राहिल्या.

"मी मुद्दाम काही सांगितलं नाही. मिक्सरचं, वाण्याचं बोलता बोलता निघालं. ती विचारायची, बाबाच फिरत असतात का, तर मी... नाही म्हटलं नाही, इतकंच."

"नाही म्हटलं नाहीस?"

"कशाला हवी ती परीक्षा?" त्या एकदम म्हणाल्या. "यंत्राला काय दाखवायचंय? चला, उठा, शतपावली करू. इतक्या वर्षांचा नेम का मोडायचा?"

"आता तर नक्कीच मोडायचा."

"अहो, नका ना," सुलभाताई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात अजिजी होती. शतपावलीसाठी कोणी अजिजी करतं? पद्माकररावांनी पान सारलं आणि जाऊन खुर्चीत बसले. त्यांना आता सगळं स्वच्छ दिसत होतं. बाईला लेकीकडे जायचं होतं. साताऱ्याला आणि नवऱ्याला ती कंटाळली होती. तोंडाने सांगायची सोय नाही म्हणून नवऱ्याला आजारी ठरवून जायचं होतं.

*

लाल गेलं नाही.

ऋजुताने गुरुवारी तसं सांगितलं. "रात्रीचं गेलं बाबा, खरंच गेलं. शतपावलीच होती ती. पण दुपारचं तसंच आहे." आणि मग तिने अगदी हलक्या आवाजात विचारलं, "दुपारी तुम्ही काय करता, आठवतं का?"

त्या प्रश्नाने पद्माकरराव हादरले. ते पलंगावर होते. इनामदारांशी डाव मांडून बसले होते. होते ना? दुपारच्या जेवणाला भाजी कोणती होती ते त्यांनी आठवून पाहिलं. दोडका. कालची? कालची आठवायला वेळ लागला. मग पडवळ आठवलं आणि त्यांना स्वतःचा राग आला. बिघाड कुठे नाही हे काढत जायचं तर आज पहिल्यांदाच त्यांना स्वतःला यादीतून खोडता येत नव्हतं.

पण लॅपटॉप होता. शुक्रवारी दुपारी जेवणं आटोपली तसे ते आतल्या खोलीत गेले, दार लोटून घेतलं आणि डाव्या कुशीवर वळले. शेजारच्या स्टुलावर उघडा लॅपटॉप ठेवला, त्याचा उजेड कमी केला आणि डोळे किलकिले करून कोपऱ्यातलं ते चिन्ह तेवढं बघत राहिले. मी हा इथे पडलोय. नेट गेलं तर चालणारा मी नाही.

पंखा फिरत होता. बाहेर भांडी घासून झाल्याचा आवाज आला, मग नळ बंद झाला. सुलभाताई हॉलमधल्या दिवाणावर पडल्याचं करकरणंही ऐकू आलं. चिन्ह जागच्या जागी होतं. पद्माकररावांना डुलकी लागणार, एवढ्यात त्यावर फुली आली.

ते ताडकन उठले, पण पाय अलगद टाकले. रंगेहाथ पकडायचं होतं. काय बोलायचं तेही ठरलं होतं: 'मला वेडा ठरवायला उन्हातान्हाची चालतेस होय?' दाराच्या फटीतून त्यांनी पाहिलं.

सुलभाताई पॅसेजमधून स्वयंपाकघराकडे चालल्या होत्या. ओट्यापाशी गेल्या, गॅसच्या बटणावर हात ठेवला, ते बंद आहे असं चाचपून पाहिलं. "बंद," असं पुटपुटल्या. मग मागच्या दाराची कडी ओढून पाहिली. "लावली." मग हॉलमध्ये आल्या, दिवाणापाशी उभ्या राहिल्या, बसायला वाकल्या आणि वाकता वाकता थांबल्या. त्यांचा चेहरा कोरा झाला. हळूच त्या वळल्या आणि पुन्हा गॅसपाशी गेल्या. बटणावर हात ठेवला. "बंद." कडी. "लावली." परत हॉल. परत तोच कोरा चेहरा.

पद्माकरराव किती वेळ बघत राहिले कोण जाणे. ठरवून ठेवलेलं वाक्य तसंच राहून गेलं. एका फेरीला सुलभाताईंनी मान वर केली आणि दारात उभा नवरा त्यांना दिसला.

"कधीपासून?" पद्माकररावांनी विचारलं.

सुलभाताईंनी पदराने हात पुसले. हात कोरडेच होते. "दिवाळीनंतर. एकदा दूध जळलं. तुम्ही मंडईत होतात. पातेलं मी फेकून दिलं, तुम्हाला कळू नये म्हणून. तेव्हापासून झोपले की वाटतं, गॅस चालू राहिलाय. बघून येते. आडवी झाले की बघितला होता का तेच आठवत नाही."

"आणि वाणी?"

"सामान सांगितलं होतं का नव्हतं, ते त्यालाच विचारते. चांगला आहे तो. हसत नाही." त्या दिवाणाच्या कडेवर बसल्या. "तुमच्या शतपावलीत माझं खपून जात होतं. म्हणून नको म्हणत होते बंद करायला."

"आणि ऋजुताला वाटलं ते मी..."

"हो." सुलभाताई रडू लागल्या. "वाटू दिलं मी. म्हटलं, तुम्हाला तपासतील, तुम्ही खणखणीत निघाल, विषय संपेल. मला तपासलं तर नाही संपणार. मला माहीतय."

पद्माकररावांना खरं तर संतापायला हवं होतं. एवढे दिवस जो संशय उराशी बाळगला तो अक्षरशः खरा निघाला होता. बायको लपवत होती, नवऱ्यावर ढकलत होती. पण संताप आला तो स्वतःचा. दुपारमागून दुपार एक माणूस घाबरून घरभर फिरत होतं, आणि दाराआड बसून हे गृहस्थ नेट का जातं याचा शोध लावत होते. ड्रायव्हर काढून पाहिला, अँटेना उघडून पाहिली, दार उघडून एकदा बाहेर पाहिलं नाही.

ते तिच्याशेजारी बसले. त्यांनी तिची पाठ थोपटली. ते त्यांना धड जमलं नाही.

*

संध्याकाळी ऋजुताचा फोन वाजला तेव्हा तो दोघांच्या मधे टीपॉयवर होता. सुलभाताईंनी त्यावर हात ठेवला.

"सांगा ना तिला," त्या म्हणाल्या. "दुपारीसुद्धा शतपावली करतो म्हणून. तुमचं ऐकेल ती. इथेच राहू आपण. मी सांभाळून राहीन."

सोपं होतं. एका वाक्याचं काम होतं. घर राहिलं असतं, सातारा राहिला असता. यंत्र बनवणाऱ्यांना काही कळत नाही हे त्यांचंच म्हणणं वर राहिलं असतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने डोळे त्यांच्यावर रोखले होते. गॅसच्या बटणाकडेही ती तसंच बघत होती.

"ऋजू," त्यांनी फोन घेतला, "यंत्र खोटं बोलत नाही. पण चालत मी नव्हतो. आई आहे." सुलभाताईंनी तोंड फिरवलं. त्यांनी दुसऱ्या हाताने तिचं मनगट धरून ठेवलं. "रडू नकोस. ऐक. रविवारी ये. न्यायला नाही, डॉक्टरकडे जायला. पुढे कुठे राहायचं ते आईला विचारून ठरवू. तुझ्या रंगांवरून नाही आणि माझ्या हट्टावरूनही नाही. आणि ते लाल मलाही दिसायला हवं. त्याची सोय कर. हो, ओटीपी सांगतो."

सुलभाताई त्या रात्री त्यांच्याशी बोलल्या नाहीत. ताट मात्र वाढलं.

शनिवारी सकाळी पद्माकररावांनी लॅपटॉप उघडला आणि बाजूला सारलेला तो उपाय काढला. नवा कर्नल उतरवून घेतला. मशीन बंद होऊन चालू होईपर्यंत ते पॅसेजमधल्या तबकडीकडे बघत उभे होते. तिच्यावरचा त्यांचा विश्वास आजही बसला नव्हता, आणि ते मनाशी म्हणाले की बसूही नये. पण आतली खोली राखणच्या लेखी अंधारात होती, आणि उद्या गॅस बघायला निघालेली सुलभा तिथे कुठे अडखळली तर ते कोणाला तरी कळायला हवं होतं. चिन्ह उजळलं. लॅपटॉपने तबकडीला पहिलं उत्तर दिलं.

दुपारी जेवणं झाली. इनामदारांशी डाव मांडलेला होता आणि खेळी पद्माकररावांची होती. बाहेर दिवाण करकरला, आणि काही वेळाने पावलं वाजली. त्यांनी लॅपटॉप तसाच पलंगावर ठेवला, दार उघडलं आणि पॅसेजमध्ये जाऊन सुलभाताईंच्या शेजारी चालू लागले. त्या दचकल्या, पण थांबल्या नाहीत.

ओट्यापाशी त्यांनी बटणावर हात ठेवला. "गॅस?"

"बंद," पद्माकरराव म्हणाले.

"कडी?"

"लावली. मी बघितली."

हॉलच्या खिडकीशी दोघं वळले. परत निघताना सुलभाताईंनी त्यांच्या शर्टाची बाही धरली. पुढच्या फेरीला त्यांनी पुन्हा गॅस विचारला आणि पद्माकररावांनी पुन्हा बंद असल्याचं सांगितलं, पहिल्यांदाच विचारल्यासारखं.

आतल्या खोलीत पलंगावर नेट व्यवस्थित चालू होतं. पद्माकररावांचं घड्याळ संपत आलं, संपलं, आणि इनामदार जिंकले. फोन करून ते म्हणाले, "काय सबनीस, आज परत नेट गेलं वाटतं?"

"नाही," पद्माकरराव म्हणाले. "आज मीच उठलो."